शेजाऱ्यांना घरी बोलावताना: एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे दोन नाताळ

(प्रकरण अभ्यास. माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवडमधली चार मजल्यांची, दोन विंगांची, ३२ फ्लॅटची सोसायटी. लिफ्ट नाही, त्यामुळे जिन्यात रोज गाठ पडते. तिसऱ्या मजल्यावरच्या टू-बीएचकेमध्ये एक मराठी प्रोटेस्टंट कुटुंब राहतं: नोकरी करणारा नवरा, शाळेत शिकवणारी बायको, दोन मुलं आणि नवऱ्याची आई. मूळ नगर जिल्ह्यातलं, घरात चौथी पिढी ख्रिस्ती. सोसायटीत येऊन सात वर्षं झाली होती. कुणाशी भांडण नव्हतं, पण ओळख ‘काय म्हणता, बरंय ना?’ यापुढे सरकली नव्हती.

त्यांच्याच मजल्यावर एक माळकरी आजी-आजोबा, समोर गुजराती जैन कुटुंब आणि तान्हं बाळ असलेलं बौद्ध जोडपं. खाली तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या विधवा काकू, दुसऱ्या विंगमध्ये एक मुस्लिम कुटुंब. बाकी बहुतेक घरं मराठी हिंदू.

२०२३च्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, चर्चमध्ये आतिथ्यावर उपदेश झाला. आतिथ्य करण्यात तत्पर असा हे रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायातलं सांगणं आणि लूक १४मधलं येशूचं बोलणं, की मेजवानीला परतफेड करू शकतील अशांनाच बोलावू नका. कुटुंबाने तिथेच ठरवलं: या नाताळला सगळी सोसायटी घरी.

पहिला प्रयत्न

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज गेला: ‘नाताळनिमित्त शनिवार, २३ डिसेंबर, सायंकाळी ६.३० ते ९ आमच्या घरी सर्वांचे स्वागत आहे. सहकुटुंब यावे.’ साठ माणसांचा अंदाज धरून चिकन बिर्याणी, व्हेज पुलाव, कटलेट, अंड्याचा प्लम केक आणि घरचा फराळ केला. मुलांसाठी खाऊची पाकिटं बांधली, प्रत्येकात एक बायबलचं वचन छापलेली बुकमार्कची पट्टी.

आले अकराजण. त्यातले सहा जण उभ्या उभ्या पाणी पिऊन ‘उशीर होतोय’ म्हणत निघाले. बौद्ध जोडपं आणि मुस्लिम कुटुंबातले दोन भाऊ जेवले. भावांनी बिर्याणी टाळून पुलाव घेतला. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने केक खाल्ला. सात-आठ किलो अन्न उरलं, ते रात्री ओळखीतल्या वसतिगृहात पोचवावं लागलं. दोन दिवसांनी एका वडिलांनी मुलाचं पाकीट परत आणून दिलं. खाऊ तसाच होता. शब्द नेमके होते: ‘खाऊचं काही नाही हो, पण ती चिठ्ठी नको.’

अडचण नेमकी कुठे होती

कुटुंबाचा पहिला निष्कर्ष होता, लोकांना आपण ख्रिस्ती म्हणून नकोसे आहोत. थोडं खरं असेलही. पण एकेक घर बाजूला काढून पाहिलं, तर कारणं बरीच साधी निघाली.

तारीख. २३ डिसेंबरला मोक्षदा एकादशी होती, वारकरी पाळतात ती भागवत एकादशी. माळकरी आजी-आजोबा आले असते तरी पाण्याखेरीज घेण्यासारखं काही नव्हतं. शनिवार म्हणजे मारुतीचा उपास करणारी आणखी दोन घरं बाद. शिवाय महिना मार्गशीर्षाचा. एरवी मटण-मासे खाणारी कितीतरी मराठी घरं गुरुवारचं महालक्ष्मीव्रत असतं म्हणून महिनाभर सामिष शिजवत नाहीत. बिर्याणीचं मोठं पातेलं दारातच दिसल्यावर त्या घरातल्या बायका आत येऊन बसणार कशा?

वेळ. डिसेंबरअखेर पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. समोरच्या घरी चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही. साडेसहाचं आमंत्रण त्यांच्यासाठी न जेवण्याचं आमंत्रण होतं.

स्वयंपाक. पुलावात कांदा-लसूण, कटलेटमध्ये बटाटा, केकमध्ये अंडं. ‘व्हेज वेगळं आहे’ एवढं सांगून भागत नाही. कढई, झारा आणि तेल तेच का, हा प्रश्न लोक तोंडावर विचारत नाहीत, ताट नाकारून विचारतात. मुस्लिम शेजाऱ्यांना चिकन हलाल आहे का ते विचारायचा संकोच वाटला, म्हणून त्यांनी पुलाव घेतला. कोंबडी खरं तर हलाल दुकानातलीच होती. कुणी सांगितलंच नाही.

आमंत्रणाची पद्धत. ग्रुपवरचं ‘सर्वांचे स्वागत’ हे आपल्याकडे कुणालाच बोलावणं नसतं. बारशाचं, वास्तुशांतीचं आमंत्रण घरी येऊन, उंबऱ्याशी थांबून दिलं जातं. ते न झाल्याने लोकांनी मेसेजवर हात जोडलेले इमोजी टाकले आणि विषय संपवला.

या चारही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत. पाचवी जास्त खोल होती आणि ती वॉचमनच्या बोलण्यातून बाहेर आली: ‘मॅडम, तुम्ही गणपतीचा प्रसाद घेत नाही ना, म्हणून लोक म्हणतात, मग आपण तरी का खायचं?’ सात वर्षं कुणी प्रसाद आणला की हे कुटुंब दारातच हसून ‘नको, आम्ही घेत नाही’ म्हणत आलं होतं. त्यांच्या दृष्टीने तो श्रद्धेचा प्रश्न होता. शेजाऱ्यांना दिसलं ते एवढंच: ही माणसं आपल्या घरचं खात नाहीत, आपल्याकडे येत नाहीत आणि वर्षातून एकदा आपल्याला बोलावतात.

तोललेले पर्याय

चर्चमधल्या काहींनी सुचवलं की घराऐवजी सोसायटीचा हॉल घ्या, केटरर लावा, भांड्यांचा प्रश्नच मिटेल. पण हॉल म्हणजे कार्यक्रम, आणि कार्यक्रम म्हटला की तो धार्मिक आहे का, कमिटीची परवानगी आहे का, भाषण कोण करणार, हे सगळं मागोमाग येतं. स्वतःच्या घरी पाहुणे बोलवायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसरी सूचना फक्त फराळाची ताटं घरोघर पोचवण्याची होती. दिवाळीला लोक तेच करतात, गैर काहीच नाही. पण ताट दारातून आत जातं, माणूस बाहेरच राहतो. तिसरी सूचना नवऱ्याची: एवढा मनस्ताप कशाला, सोडून द्या.

शेवटी बायकोने मांडलेला पर्याय टिकला. पुढच्या नाताळपर्यंत कुणालाही मोठं आमंत्रण द्यायचं नाही. आधी आपण लोकांकडे जायचं. शुभवर्तमानांत येशू यजमान म्हणून क्वचित दिसतो. जक्कयाकडे, लेवीकडे, शिमोन परुश्याकडे, मार्थेकडे तो पाहुणाच आहे. आतिथ्यावरच्या उपदेशांत ही बाजू फार कमी येते. ज्याला दुसऱ्याच्या घरी नीट पाहुणा होता येत नाही, त्याच्या घरी लोक मोकळे बसतील ही अपेक्षा धरू नये.

निर्णयाची जागा: प्रसाद

दुसऱ्याकडे जायचं तर प्रसादाचं उत्तर ठरवावंच लागणार होतं. चर्चच्या पाळकसाहेबांशी (धर्मगुरूंशी) बोलणं झालं. त्यांनी १ करिंथकर १०मधला पौलाचा सल्ला पुढे ठेवला: विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर पुढ्यात वाढलेलं चौकशी न करता खा, मात्र ‘हे अर्पण केलेलं आहे’ असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. त्याबरोबर रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय: खाण्यावरून एकमेकांचा न्याय करू नका. बाकी त्यांनी ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोडलं.

घरात एकमत झालं नाही. नवरा-बायकोने ठरवलं की बोलावतील तिथे जायचं, बसायचं, चहा-जेवण घ्यायचं, पूजेचा प्रसाद मात्र घ्यायचा नाही आणि ते दारात हात हलवून नव्हे, बसून नीट सांगायचं. सासूबाईंना एवढंही पटलं नाही. त्या गेल्या नाहीत, आणि त्यांच्यावर जबरदस्तीही झाली नाही. हे योग्यच झालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ओढत नेऊन केलेला शेजारधर्म शेजाऱ्यांनाही जाणवतो.

१५ जानेवारी २०२४ला संक्रांत होती. बायको मजल्यावरच्या दोन घरी तिळगुळाला गेली. कुंकू लावून घेतलं नाही, तिळगुळ आणि वाण घेतलं, अर्धा तास बसली. सप्टेंबरमध्ये गौरींचं जेवण आलं. आमंत्रण माळकरी आजींकडचं. बाईंनी आदल्या दिवशी जाऊन सरळ विचारलं, ‘आजी, आम्ही नैवेद्याचं घेत नाही. तरी जेवायला आलो तर चालेल का?’ आजींनी भाजी निवडता निवडता सांगितलं, ‘अगं नैवेद्याचं पान वेगळं असतं. त्यातलं तुला कशाला वाढीन? पुरणपोळी खातेस ना?’ ११ सप्टेंबरला नवरा-बायको आणि मुलं जेवून आली. सात वर्षांचा अवघडलेपणा त्या एका प्रश्नाने निम्मा उतरला. तो प्रश्न पहिल्याच वर्षी विचारता आला असता.

दुसऱ्या नाताळची तयारी

आता सगळी सोसायटी नव्हे, आपल्या जिन्यातली आणि आपण ज्यांच्याकडे जाऊन आलो ती आठ घरं. हॉल दहा बाय चौदाचा. सतरंजी आणि सहा खुर्च्या धरून एका वेळी बारा माणसं आरामात बसतात, पंधरा झाली की बायका स्वयंपाकघरात आणि पुरुष गॅलरीत अशी फाटाफूट होते. म्हणून दोन बैठका: चार ते सव्वापाच, साडेपाच ते सात. जैन कुटुंब आणि वयस्कर मंडळी पहिल्या बैठकीत.

तारीख कॅलेंडर उघडून ठरली. २६ डिसेंबर २०२४ला शेवटचा मार्गशीर्ष गुरुवार आणि सफला एकादशी एकत्र. उद्यापनामुळे बायकांना त्या दिवशी उसंत नसते. म्हणून रविवार, २९ डिसेंबर. आमंत्रण नवरा-बायकोने आठ दिवस आधी घरोघर जाऊन दिलं, ‘जेवायला या’ नव्हे, ‘चहा-फराळाला या’ असं. जेवण म्हटलं की लोक पंगत, भांडी, परतफेड असा हिशोब करतात. चहाला यायला सोपं जातं.

स्वयंपाकाचा नियम एकच: सगळ्यांना सगळं चाललं पाहिजे. कांदा, लसूण, बटाटा, अंडं, जिलेटीन काहीच नाही. ‘जैन वेगळं’ अशी चिठ्ठी लावलेली थाळी ठेवायची नाही, कारण चिठ्ठी असलेला पाहुणा एकटा पडतो. चहात आलं नाही, वेलची आणि थोडी सुंठ. ओलं आलं कंदमूळ म्हणून जैनांना चालत नाही, सुंठ चालते. केकमध्ये रम नाही, इसेन्सऐवजी वेलची-जायफळ. नवी कढई, नवा झारा, नवं तेल, आणि हे विचारलं तरच सांगायचं.

वीस माणसांचा अंदाज असा होता. मटारच्या करंज्या चाळीस: दीड किलो शेंगांचे साधारण साडेसहाशे ग्रॅम दाणे, एक नारळ, पारीला अर्धा किलो मैदा. सारण तव्यावर पूर्ण कोरडं करून गार झाल्याशिवाय भरायचं नाही, नाहीतर करंजी तेलात फुटते आणि पुढचा सगळा घाणा खराब होतो. गोड करंज्या आणि चकल्या आदल्या आठवड्यात. बिनअंड्याचे दोन केक, प्रत्येकी ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, २५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी, दोन चमचे बेकिंग पावडर, एक चमचा सोडा. पहिला केक मधोमध बसला, कारण ओव्हन तापेपर्यंत मिश्रण कालवून ठेवलं होतं. सोडा भिजला की थांबायचं नसतं. चहाला दीड लिटर दूध, पाऊण लिटर पाणी. जोडीला केळी, बदाम, मनुका.

ताटं की पत्रावळी, यावरही चर्चा झाली. स्टीलच्या ताटात मासे वाढले जात असतील ही शंका पत्रावळीने जाते. पण काहींना पत्रावळ आणि घरच्यांना ताट दिलं तर अपमान होतो. घरच्यांसकट सगळ्यांना पत्रावळ, हा निर्णय झाला.

भिंतीवरचा क्रूस आणि गव्हाणीचा देखावा तसाच ठेवला. पाहुणे येणार म्हणून तो झाकणं जितकं अवघड दिसतं, तितकंच तो दाखवत फिरणंही. पुस्तिका, बुकमार्क, मुलांना भेटी यातलं काही द्यायचं नाही असं पक्कं ठरलं. यावर चर्चच्या गटात एकाने विचारलं, ‘मग साक्ष, म्हणजे ख्रिस्ताविषयी सांगणं, कुठे राहिली?’ कुटुंबाचं म्हणणं होतं की कुणी विचारलं तर मनमोकळं सांगू. जेवणाला चिठ्ठी बांधली की जेवण आमिष ठरतं. आतिथ्य कुरकुर न करता करा असं पेत्र लिहितो, त्याला दुसरी कुठलीही अट जोडत नाही.

खाण्याआधी प्रार्थना करायची का? करायची, नेहमीसारखीच. नवऱ्याने आधी सांगितलं, ‘आम्ही खाण्याआधी आभार मानतो. अर्धा मिनिट. तुम्ही बसूनच राहा.’ प्रार्थना खरोखर अर्ध्या मिनिटात संपली. इथे लांबण लावण्याचा मोह होतो, आणि पाहुण्यांच्या हातातला चहा गार होतो.

काय घडलं

आठपैकी सहा घरं आली, सतरा माणसं. एक कुटुंब गावी होतं. एकांनी दारातच सांगितलं, ‘आम्हाला नको, पण राग मानू नका.’ तेवढ्यावर थांबण्यात आलं, पुन्हा आग्रह नाही.

एक गोष्ट चुकलीच. एकादशी पाहिली, गुरुवार पाहिला, पण २९ डिसेंबरला चौदस (चतुर्दशी) होती आणि समोरच्या जैन काकू आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, हिरवी भाजी खात नाहीत. ज्या मटार करंज्यांवर सगळ्यात जास्त मेहनत गेली, त्यांना त्यांनी हात लावला नाही. गोड करंजी आणि बदाम घेतले, आणि वर सुनेला सांगून करंजीच्या सारणाची कृती लिहून घेतली.

गव्हाणीपाशी मुलं रमली. माळकरी आजोबांनी ‘हा तुमचा देखावा का?’ म्हणून गौरीपुढच्या आराशीसारखीच चौकशी केली, मेंढ्या कशाच्या, तारा कशाचा. आजींच्या आग्रहावरून सासूबाईंनी पेटीवर दोन भजनं म्हटली. गाणं कार्यक्रमात नव्हतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या (१८६१–१९१९) काळापासून मराठी चर्चमध्ये अभंगाच्या वळणाची भजनं चालत आली आहेत. आजींनी दुसऱ्या भजनाला टाळी धरली. गौरीच्या जेवणाला न गेलेल्या सासूबाई आणि आजी त्यानंतर जिन्यात एकमेकींशी बोलू लागल्या.

तळमजल्यावरच्या विधवा काकूंना हळदीकुंकवाची बोलावणी येत नाहीत. त्या दोन्ही बैठकांना थांबल्या, दुसऱ्या वेळी चहा त्यांनीच गाळला.

लूक १४ मनात ठेवून जिना झाडणाऱ्या मावशी आणि वॉचमन यांनाही बोलावलं होतं. वॉचमनला गेट सोडता येईना; त्याची पत्रावळ केबिनमध्येच गेली, मागच्या वर्षीसारखी. मावशी आल्या, खुर्च्या रिकाम्या असताना दाराजवळ जमिनीवर बसल्या. बाई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, पण मावशींनी दहा मिनिटांत पदर सावरला आणि निघाल्या. ज्या घरांचे जिने त्या झाडतात, त्याच घरांच्या माणसांसमोर त्यांना पाहुणी म्हणून बसवणं हे यजमानांना बरं वाटणारं होतं, मावशींना नव्हे.

नंतरचे महिने

मोठा चमत्कार झाला नाही. समोरचे गावी जाताना चावी यांच्याकडे ठेवतात. मार्चमध्ये सासूबाई पडल्या, मनगटाचं हाड मोडलं, तेव्हा आठवडाभर दुपारचा डबा दोन घरांतून आला. पुढच्या संक्रांतीला बायकोने घरी फक्त चहा-तिळगुळ ठेवला, हळदीकुंकू नाही, त्यामुळे तळमजल्यावरच्या काकूही आल्या.

पण वार्षिक सभेत एका सभासदाने या कुटुंबाच्या महिन्याच्या घरसभेवर, म्हणजे घरी होणाऱ्या चर्चच्या प्रार्थनासभेवर, आक्षेप घेतलाच. चर्चच्या लोकांच्या गाड्या पार्किंग अडवतात, अशी तक्रार होती. गाड्यांबद्दल ती खरी होती, आणि आता त्या बाहेर रस्त्यावर लागतात. बोलण्यात धर्मांतराचा सूरही होता. समोरचे काका सभेत म्हणाले, ‘आम्ही जाऊन आलो त्यांच्याकडे, चहा प्यायलो, बस.’ बाकीचे गप्प बसले. घरसभा आणि शेजाऱ्यांचा चहा हे दोन्ही कधीही एका दिवशी ठेवायचे नाहीत, हे कुटुंबाने त्यानंतर पक्कं केलं. हे आधीपासूनच पाळायला हवं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

तारीख स्वतः कॅलेंडर पाहून ठरवण्यापेक्षा दोन-तीन घरी ‘तुम्हाला कुठला दिवस बरा?’ विचारून ठरवावी. चौदस तिथेच कळली असती. सुरुवात नाताळने करायची गरजच नव्हती. जूनमधल्या एखाद्या पावसाळी रविवारी एका घराला चहाला बोलावलं असतं, तर सणाचं ओझं आणि शंका दोन्ही टळल्या असत्या. आठ घरंही एका दिवसाला जास्तच झाली. दुसऱ्या बैठकीपर्यंत बाई इतक्या दमल्या होत्या की बाळवाल्या जोडप्याशी त्यांचं धड बोलणं झालं नाही, ते नवऱ्याने सांभाळलं. चार घरांवर थांबावं.

मुस्लिम कुटुंब दुसऱ्या विंगमधलं म्हणून या वेळच्या आठांत नव्हतं, आणि पहिल्या वर्षी पूर्ण जेवून गेलेल्यांपैकी तेही एक होतं. ‘आपल्या जिन्यातले’ ही मर्यादा सोयीची होती, पण या एका घराच्या बाबतीत ती चुकीच्या जागी पडली. पुढे ईदला शीरखुर्म्याचं बोलावणं त्यांच्याकडूनच आलं.

मावशींना वेगळ्या दिवशी, त्यांचं काम आटोपल्यावर, त्यांच्या मुलीसह बोलवावं. किंवा त्यांनी बोलावलं तर आधी आपणच जावं. त्यांची खोली सोसायटीपासून दहा मिनिटांवर आहे.